गाव कोणत्या महिन्यात मोजायचे?

आपल्याकडे गावाची लोकसंख्या फेब्रुवारीत मोजली जाते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली, १ ते ५ मार्चला फेरतपासणीची फेरी झाली आणि १ मार्च ही संदर्भतारीख, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरायची तो दिवस, धरली गेली. लांबत लांबत गेलेली पुढची जनगणनाही १ मार्च २०२७ याच संदर्भतारखेने व्हायची आहे, म्हणजे प्रगणक पुन्हा फेब्रुवारीतच दारोदार जाणार आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या आदिवासी वाड्यांवर फेब्रुवारी कसा असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तारखेतली अडचण लगेच कळेल. भाताची झोडणी उरकते, दिवाळी होते आणि त्यानंतर काही आठवड्यांतच वीटभट्टीचा टेम्पो वाडीत येतो. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुले, कधी म्हातारी आईसुद्धा बरोबर घेऊन कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर परततात. गाव जेव्हा सर्वांत रिकामे असते, नेमके तेव्हाच आपण ते मोजतो.

मी आज ठाणे शहरात राहतो, पण २०११ साली शहापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो आणि इतर शिक्षकांप्रमाणे माझ्याकडेही प्रगणकाचे काम आले होते. एक गावठाण आणि त्याला जोडलेल्या दोन वाड्या असा माझा गट होता. त्यांतल्या एका कातकरी वाडीत निम्म्याहून अधिक घरे बंद होती. दाराला कुलूप नव्हते. कुडाच्या दाराला बाहेरून सुतळी बांधलेली होती आणि अंगणात गवत वाढले होते. नियम स्पष्ट होता. माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याची नोंद करायची, मात्र गणनेच्या त्या वीस दिवसांत तो तिथे एकदाही राहिला नसेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. त्यामुळे शेजारच्या आजीने नावे आणि वये सांगितली तरी ती मला लिहिता आली नाहीत. जूनमध्ये ही कुटुंबे परत आली तेव्हा मी मुद्दाम विचारले. काही जण म्हणाले, भट्टीवर कोणीतरी कागद घेऊन आले होते. काही जण म्हणाले, कोणी आलेच नाही. जे मोजले गेले ते भिवंडी तालुक्यातल्या कुठल्यातरी गावाच्या खात्यात गेले. जे राहिले ते देशाच्या एकाही पानावर नव्हते.

जनगणनेनंतर प्रत्येक महसुली गावाचे एक पान तयार होते. एकूण घरे, एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षरता आणि शेवटी काम करणारे, असा त्याचा क्रम असतो. देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांची अशी पाने आहेत आणि एकसारख्या वाक्यांमुळे ती एकमेकांची नक्कल केल्यासारखी दिसतात: एवढ्या लोकांपैकी एवढे काम करणारे, त्यांपैकी इतके टक्के मुख्य, इतके टक्के सीमांतिक. वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काम मिळाले तर माणूस मुख्य, त्याहून कमी असेल तर सीमांतिक. ही रेघ १९८१ च्या जनगणनेत आली. २०११ मध्ये सीमांतिकांचेही दोन भाग केले गेले, तीन महिन्यांपेक्षा कमी काम असलेले आणि तीन ते सहा महिने काम असलेले. पुढे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगात काम करणारे आणि इतर काम करणारे असे चार रकाने येतात. गावाच्या वाड्या आणि पाडे या पानावर वेगळे दिसत नाहीत. सगळे महसुली गावाच्या बेरजेत मिसळून जातात.

ज्याचे एकच काम आहे, एकच जागा आहे आणि जे काम वर्षभर चालते, त्याच्यासाठी ही वर्गवारी ठीक आहे. ठाण्यातल्या कारकुनाला किंवा तुर्भ्याच्या बाजारातल्या माथाडीला या प्रश्नाचे उत्तर देताना विचार करावा लागत नाही. ठाकूर किंवा कातकरी कुटुंबाचे वर्ष मात्र तसे चालत नाही. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपे करायच्या जागेवर पाला-टहाळ जाळायचा, मृगाच्या पावसावर पेरायचे, मग चिखळणी आणि लावणी, श्रावण-भाद्रपदात बेणणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. मध्ये रानभाज्यांचे दिवस येतात. शेवळे, लोत, कुर्डू यांच्या जुड्या बांधून बायका पहाटे आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून लोकल पकडतात आणि कल्याण-ठाण्याच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसतात. एप्रिल-मे महिन्यांत करवंदे आणि जांभळे येतात. रोजगार हमीचे काम निघाले तर ते, ओढ्याला मासे असले तर मासे, आणि उरलेले अर्धे वर्ष भट्टी.

आता या कुटुंबातल्या दोन माणसांची नोंद कशी होते ते पाहावे. जो भट्टीवर जातो तो चार महिने भातात आणि पाच-सहा महिने विटांत राबतो, म्हणून तो मुख्य ठरतो. पण जास्त काळ विटांत गेल्यामुळे त्याची नोंद ‘इतर’ रकान्यात होते आणि त्याच्या नावावर असलेल्या भातखाचराला कागदावर शेतकरीच उरत नाही. जो वयामुळे किंवा घरातल्या आजाऱ्यामुळे मागे राहतो, शेत करतो, गुरे वळतो, रानातले काहीबाही आणून विकतो, त्याच्या दिवसांची बेरीज कोणी नीट करत नाही आणि तो सीमांतिक होतो. सीमांतिक म्हणजे कडेचा, हद्दीवरचा. गाव ज्याच्या आधाराने उभे असते तोच हद्दीवर जातो, ही त्या शब्दाची चूक मला आजही सलते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर आहे. जनगणनेची व्याख्या वाचली तर ती फारशी अन्यायकारक नाही. घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात मोबदल्याशिवाय केलेले काम तिच्यात काम म्हणून धरले आहे. फक्त घरी खाण्यासाठी केलेली शेती आणि घरच्यापुरते दूधदुभतेही धरले आहे. स्त्रियांचे श्रम मोजणीतून सुटतात हे लक्षात आल्यावर १९९१ च्या प्रश्नावलीत ‘विनामोबदला शेतकाम धरून’ अशा अर्थाचे शब्द थेट प्रश्नातच घातले गेले. तरीही २०११ मध्ये ग्रामीण भारतातल्या केवळ ३० टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. पुरुषांचे प्रमाण ५३ टक्के होते. भाताच्या प्रदेशात लावणी कोण करते हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा या अंतरावर विश्वास बसणे अवघड आहे.

चूक व्याख्येत कमी आणि दारात जास्त होते. प्रगणक दारात उभा राहतो, घरचा पुरुष पुढे येतो आणि बायकोबद्दल विचारले की तो म्हणतो, “ती घरीच असते.” त्या क्षणी ती राबासाठी तोडलेल्या टहाळाचा भारा डोक्यावर घेऊन मागच्या वाटेने येत असते. हे मी पाहिले आहे आणि पहिले दोन दिवस ‘घरीच असते’ हेच उत्तर मी लिहूनही घेतले आहे. तिसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. लावणीला जाता का, दुसऱ्याच्या शेतावर किती दिवस गेलात, म्हशीचे कोण बघते, भाजी विकायला कोण जाते, असे त्या बाईलाच विचारू लागलो. मग उत्तरे वेगळी येऊ लागली आणि ज्या घरात एक काम करणारा होता तिथे तीन निघाले. पहिल्या दोन दिवसांची घरे मात्र पुन्हा करायला वेळ उरला नाही आणि ती पाने तशीच गेली. तिथल्या बायकांच्या श्रमांवर माझ्या हाताने शून्य लिहिले गेले, याची खंत मला आहे.

भट्टीवरही तीच गोष्ट घडते. मजुरी हजार विटांमागे ठरते. माती कालवणे, विटा थापणे, वाळवणे, उचलून रचणे हे सगळे नवरा-बायको मिळून करतात, मुलेही हात लावतात. पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पुरुषाने घेतलेली असते आणि हिशेबाची वही त्याच्या एकट्याच्या नावाची असते. कागदावर एक मजूर आणि प्रत्यक्षात राबणारे दोघे किंवा चौघे. वेठबिगारी संपवणारा कायदा १९७६ चा आहे आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून याच पट्ट्यात संघटनांना दशकानुदशके झगडावे लागले. उचलीच्या कर्जात किती माणसे अडकली आहेत हे सिद्ध करायचे, तर आधी ती माणसे काम करणारी म्हणून कुठेतरी लिहिलेली असावी लागतात.

पाणी भरणे, स्वयंपाक, मुले आणि म्हातारे सांभाळणे यांना जनगणना काम मानत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरच्या माणसांसाठीच्या विनामोबदला घरकामात ते करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला २८९ मिनिटे वेळ जातो, ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या बाईच्या दिवसात पाण्यासाठी किती तास जातात हे गावाच्या पानावर कधीच येत नाही. पण त्या तासांमुळेच तिचे मजुरीचे दिवस कमी होतात आणि ती सीमांतिक ठरते.

चौथ्या रकान्याबद्दलही बोलायला हवे. २०११ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४१.६ टक्के ‘इतर’ होते. शेतमजूर ३० टक्के आणि शेतकरी २४.६ टक्के. २००१ मध्ये शेतकरी १२.७३ कोटी आणि शेतमजूर १०.६८ कोटी होते. दहा वर्षांत शेतकरी ११.८८ कोटींवर उतरले आणि शेतमजूर १४.४३ कोटींवर गेले. जमीन हातातून जाते तेव्हा माणूस आधी शेतमजूर होतो आणि मग ‘इतर’. ठाणे जिल्ह्यात हे फार वेगाने घडले. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली ९५ गावे घेतली गेली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी पाहता पाहता ‘इतर’ रकान्यात आले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना मिळाली. जमिनीच्या मोबदल्याचा हिशेब निदान झाला. घणसोलीतला किंवा करावे गावातला माणूस भात लावायचा थांबल्यावर नेमके काय करू लागला, त्याच्या बायकोचे मासळीचे उत्पन्न कुठे गेले, याचा हिशेब मात्र ‘इतर’ या एका शब्दात बुडाला. आज भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ परिसरात ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत आणि आसपासच्या गावांतली मुले तिथे कंत्राटावर माल चढवतात-उतरवतात. कामाच्या कायमपणाविषयी हा रकाना एक अक्षर बोलत नाही. बँकेतला अधिकारी आणि रोजंदारीवरचा हमाल त्यात शेजारी शेजारी बसतात.

गाव कधी शहर होते हे ठरवण्याची जनगणनेची कसोटीही पाहण्यासारखी आहे. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, एवढे जुळले की ते जनगणना शहर. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ शहरे होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. या कसोटीत पुरुष मोजले जातात, स्त्रिया नाहीत. एखाद्या गावातले पुरुष गोदामात आणि कारखान्यात गेले आणि शेती सर्वस्वी बायकांवर पडली, तरी ते गाव शेती सोडलेले ठरू शकते. तिथे ग्रामपंचायत तशीच राहते.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. संपूर्ण देश एकाच मापाने मोजला नाही तर तुलना करता येणार नाही, आणि फेब्रुवारी निवडण्यामागेही विचार आहे; पाऊस नसतो, रस्ते चालू असतात आणि देशाच्या बऱ्याच भागांत माणसे घरी असतात. हे मला मान्य आहे. तारखा गावोगाव बदलल्या तर तीच माणसे दोनदा मोजली जातील, म्हणून ठाणे जिल्ह्यासाठी वेगळा महिना मागण्यात अर्थ नाही. पण एकसारखेपणाचा नियम सरकारनेही सर्वत्र पाळलेला नाही आणि तसे करणे योग्यच आहे. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी २०२७ च्या जनगणनेची संदर्भतारीख १ ऑक्टोबर २०२६ ठेवली आहे. मागच्या वेळीही बर्फाळ भागांची गणना आधीच्या सप्टेंबरात, १ ऑक्टोबर २०१० या संदर्भतारखेने झाली होती. हिवाळ्यात बर्फामुळे वाट बंद होते हे ओळखून व्यवस्था वाकवता येते, तर पोटासाठी अख्खी वाडी हलते हे ओळखून निदान प्रश्नावलीत आणि गावाच्या पानावर जागा करता यायला हवी. जनगणना स्थलांतराची माहिती विचारते, पण ती गावनिहाय प्रसिद्ध होत नाही आणि तिचे तक्ते यायला वर्षे लागतात. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २४.६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्क्यांवर गेलेला दिसतो. त्यात खरी वाढ किती आणि नोंद सुधारल्यामुळे किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. शिवाय ते नमुना सर्वेक्षण आहे, एका गावाबद्दल ते काही सांगू शकत नाही. गावाबद्दल बोलणारे पान जनगणनेचेच.

आणि त्या पानावर पैसे ठरतात. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येचा आहे. आदिवासी भागात अंगणवाडी ३०० ते ८०० लोकांमागे मिळते. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के थेट निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो. २०११ च्या फेब्रुवारीत जे कुटुंब भट्टीवर होते, त्याच्या वाटचा निधी पंधरा वर्षे त्याच्या वाडीला मिळालेला नाही, कारण मधल्या काळात दुसरी गणनाच झाली नाही. भट्टीच्या गावालाही त्याचा उपयोग नव्हता, कारण तिथली ग्रामपंचायत त्याला आपला मानत नाही आणि जूननंतर तो तिथे नसतोच. स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी भट्ट्यांवर भोंगाशाळा, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांजवळच्या तात्पुरत्या शाळा, भरवल्या तेव्हा या मुलांची नावे कुठल्यातरी हजेरीपटावर चढली, हे त्या कार्यकर्त्यांचे मोठे काम आहे. सरकारच्या गणनेने मात्र तेवढाही आधार दिला नाही.

जवळच्या कारखान्याने गाव आतून कसे बदलते हे शंभर वर्षांपूर्वी दाखवून झाले आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीत घराघराचे उत्पन्न तपासले आणि पुष्कळ कुटुंबांचे निव्वळ जमिनीवर भागत नाही, बाहेरच्या मजुरीचा आधार लागतो, असे दाखवून दिले. ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात आहे. मान यांना जे दिसले ते घरात बसून, वर्षभराचा जमाखर्च विचारून दिसले. सहा महिन्यांच्या एका रेघेने ते दिसले नसते.

२०२७ च्या आधी करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. वीटभट्टीच्या मातीसाठी महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागते, म्हणजे परवानगी घेतलेल्या भट्ट्यांची यादी तहसील कार्यालयात असतेच. ती यादी प्रगणकांच्या हाती द्यावी आणि प्रत्येक भट्टी कोणत्या ना कोणत्या प्रगणन गटात नावानिशी असावी. भट्टीवर नोंदलेल्या कुटुंबाचा मूळ तालुका, गाव आणि वाडी लिहून घ्यावी आणि ती माहिती त्या ग्रामपंचायतीला वर्षभरात कळवावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्त्रियांना कोणते प्रश्न विचारायचे याचा प्रत्यक्ष सराव व्हावा आणि शक्य असेल तिथे बाईबद्दलचे उत्तर बाईकडूनच घ्यावे. पुस्तिकेत या सूचना पूर्वीही होत्या. घराघरावर घालवायला वेळ नव्हता, म्हणून एका प्रगणकाकडची घरे कमी करणे हा यातला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत गरजेचा भाग आहे.

राहिलेले काम गावाचे आहे. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा; महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार वाडी-पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. अशा ग्रामसभेने एक साधी वही ठेवावी: घरातली माणसे, प्रत्येकाची वर्षभरातली कामे महिन्यानुसार, बायकांची वेगळी, आणि कोण कोणत्या भट्टीवर कधी गेले. भट्टीवर प्रगणक आला नाही तर तक्रार करायला हाच कागद उपयोगी पडेल आणि गावाचे पान प्रसिद्ध झाल्यावर त्याच्याशी ताडून पाहायलाही हाच. फेब्रुवारीत ही वही लिहायला बसणारे वाडीत कोणी नसते. २०२६ च्या दिवाळीत, झोडणी संपल्यानंतर आणि टेम्पो यायच्या आत, ती भरून झालेली असली पाहिजे.